नजरेची भाषा आणि नफ्याचा हिशेब

ज्याचे हात, पाय आणि जीभ यांपैकी काहीही त्याच्या स्वाधीन राहिलेले नाही, परंतु ज्याची बुद्धी आणि दृष्टी शाबूत आहे, अशा माणसाला केवळ डोळ्यांच्या हालचालीने लिहिता आणि बोलता येईल असे यंत्र आज उपलब्ध आहे. ते आता प्रयोगशाळेतील कौतुकाचा विषय राहिलेले नाही. गेली वीसहून अधिक वर्षे ते जगाच्या बाजारात विकले जात आहे. असे असूनही महाराष्ट्रात ज्यांना त्याची निकड आहे, त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या दृष्टीस ते पडलेलेही नाही. याचे कारण विज्ञानाच्या अपुरेपणात शोधू गेल्यास सापडणार नाही. ते आपल्या अर्थव्यवस्थेच्या घडणीत आहे. माणसाची वाचा ही ऐपतीप्रमाणे विकत घेण्याची वस्तू आहे की समाजाने पुरवावयाची सेवा आहे, असा हा मूलभूत प्रश्न आहे आणि समाजवादी चळवळीने तो आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभीच एक खुलासा. या लेखात ‘अपंग’ हा जुना शब्द हेतुतः वापरला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि २०१६ मध्ये तो केंद्रीय विभागाच्या नावात दाखल झाला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याच वेळी आक्षेप घेतला होता की, आम्हांला दिव्यत्व नको, हक्क हवेत. नाव बदलण्यास पैसा लागत नाही. साधन देण्यास लागतो. शासनाने या दोहोंपैकी स्वस्त मार्ग आधी चोखाळला, एवढेच यातून दिसते.

यंत्र आणि त्याची गरज

या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाही. पडद्याच्या खाली डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे लहान दिवे आणि एक कॅमेरा बसविलेला असतो. त्या प्रकाशाचा ठिपका बुबुळावरील पारदर्शक पटलात उमटतो. हा ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांतील अंतर व दिशा सतत मोजून संगणक नजर पडद्यावर नेमकी कोठे स्थिरावली आहे, हे ठरवितो. वापरापूर्वी पडद्यावरील काही ठरावीक ठिपक्यांकडे पाहावयास लावून यंत्राला त्या डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते. त्यानंतर एखाद्या अक्षरावर नजर अर्धा-एक सेकंद थांबली की ते अक्षर उमटते आणि वाक्य पुरे झाले की यंत्र ते मोठ्याने उच्चारते. यात वेग फारसा नाही. मिनिटाला पाच ते वीस शब्द. बोलणारा माणूस तेवढ्याच वेळात शंभराहून अधिक शब्द उच्चारतो. परंतु शून्य आणि पाच यांतील अंतर हे पाच आणि शंभर यांतील अंतराहून मोठे असते.

मोटर न्यूरॉन डिसीज या रोगात हातपाय, घसा आणि श्वासाचे स्नायू क्रमाक्रमाने निकामी होतात. डोळे हलविणारे स्नायू मात्र बहुधा दीर्घकाळ शाबूत राहतात. मेंदूच्या खोडाला झटका आल्यास माणूस पूर्ण शुद्धीवर असूनही केवळ डोळे वरखाली करू शकतो. ज्याँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकाची डिसेंबर १९९५ मध्ये अशीच अवस्था झाली. कोणीतरी अक्षरे म्हणत जावयाचे आणि हव्या त्या अक्षराला त्याने डाव्या डोळ्याची पापणी मिटावयाची, अशा रीतीने त्याने एक संपूर्ण पुस्तक सांगितले. ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मलेल्या अनेक मुलांच्या बाबतीत तर बुद्धी असून ती प्रकट करण्याचा मार्गच जन्मापासून बंद असतो. ही मुले ‘मतिमंद’ म्हणून कोपऱ्यात पडून राहतात, कारण त्यांना काही विचारण्याचे आणि त्यांचे उत्तर घेण्याचे साधन कोणापाशी नसते.

अशी माणसे महाराष्ट्रात किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद झाली. परंतु हात आणि वाचा ही दोन्ही गमावलेल्यांची वेगळी मोजणी त्या जनगणनेने केली नाही, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. ज्याची गणना नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही. आणि तरतूद नाही म्हणून पुन्हा गणनेची गरज नाही, असे हे चक्र आहे.

पडघ्याचा धडा

भिवंडी तालुक्यातील पडघे हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावरील प्रवाशांना नावाने ठाऊक असते. राज्याच्या वीजव्यवस्थेत त्याचे स्थान याहून मोठे आहे, हे मात्र थोड्यांना माहीत असते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रापासून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. विदर्भातील कोळशावर निर्माण झालेली वीज पडघ्यात उतरते आणि मुंबईच्या परिसराकडे जाते. हे काम राज्य वीज मंडळाने, म्हणजे सार्वजनिक क्षेत्राने केले. एकेका ग्राहकाला तारेचा खर्च परवडेल काय, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. वीज ही आधुनिक जीवनाची सामाईक गरज आहे, हे गृहीत धरून समाजाने सामाईक खर्च केला.

त्याच पडघ्यात, त्या वाहिनीच्या टोकाशी, वाचा गेलेल्या माणसाचे ‘होय’ किंवा ‘नाही’ हे एका खाटेपासून शेजारच्या खाटेपर्यंत नेण्याची कोणतीही सार्वजनिक व्यवस्था नाही. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात, लस मिळते; परंतु बोलू न शकणाऱ्या रुग्णाशी बोलावयाचे कसे, हे सांगणारा माणूस कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर पदांत नसतो.

आणि येथे बोलता येणे ही चैन नाही. महामार्गालगतच्या जमिनी गोदामांसाठी गेल्या, आजही जात आहेत. ज्या माणसाचा हात लुळा पडला आहे, त्याचा अंगठा दुसऱ्याला उचलता येतो आणि कागदावर टेकविता येतो. त्याची नजर मात्र दुसऱ्याला उचलता येत नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या तेराव्या कलमाने अपंगांचा मालमत्ता धारण करण्याचा आणि वारसाने मिळविण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीचा मानला आहे. परंतु आपली संमती आहे की नाही, हे सांगण्याचे साधनच ज्याच्यापाशी नाही, त्याच्या बाबतीत हे कलम कागदावरच राहते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जीवन लांबविणारे उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला. मोटर न्यूरॉन डिसीजच्या रुग्णापुढे एके दिवशी कृत्रिम श्वासयंत्राचा प्रश्न उभा राहतोच. त्याचा निर्णय त्याने स्वतः करावयाचा, असे न्यायालय म्हणते. त्याचे उत्तर ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र कोणीच करीत नाही.

बाजाराने काय केले

‘तंत्रज्ञान स्वस्त होत जाते, बाजारच हा प्रश्न सोडवील’, असे आमचे उदारमतवादी मित्र म्हणतात. या क्षेत्राचा इतिहास त्यांनी जरूर अभ्यासावा. २००४ पासून युरोपीय समुदायाच्या निधीवर अनेक विद्यापीठांचे एक जाळे नजरेने संवाद साधण्याच्या तंत्रावर काम करीत होते. कोपनहेगन येथील आयटी विद्यापीठातील संशोधकांनी साध्या कॅमेऱ्यावर चालणारी आणि सर्वांना खुली अशी आज्ञावली तयार केली. तिचा मूळ हेतू अपंगांची सोय हा होता. त्या गटातील तरुणांनी २०११ मध्ये ‘आय ट्राइब’ ही कंपनी काढली आणि अवघ्या ९९ डॉलरला यंत्र विकावयास आरंभ केला. डिसेंबर २०१६ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली आणि यंत्राची विक्री बंद झाली. त्याच वर्षी गूगलने ‘आयफ्लुएन्स’ आणि २०१७ मध्ये अ‍ॅपलने जर्मनीतील ‘सेन्सोमोटोरिक इन्स्ट्रुमेंट्स’ ही याच क्षेत्रातील कंपनी घेतली. या कंपन्यांना हवे होते ते आभासी जगाचे चष्मे. सार्वजनिक पैशातून वाढलेले ज्ञान खाजगी झाले आणि ज्यांच्यासाठी ते निर्माण झाले होते, ते पुन्हा मागे पडले.

याच तंत्राचा दुसरा उपयोग पाहा. दुकानाच्या फळीवरील कोणत्या वेष्टनावर गिऱ्हाइकाची नजर किती क्षण थांबते, हे मोजण्यासाठी जाहिरातदार हीच यंत्रे वापरतात. ती वेष्टने ज्या गोदामांतून वितरित होतात, ती भिवंडी तालुक्यात रांगेने उभी आहेत. खरेदी करणाऱ्याच्या नजरेला बाजारात किंमत आहे. पाणी मागणाऱ्याच्या नजरेला नाही. अर्थशास्त्रात गरज आणि परिणामकारक मागणी यांत भेद केला जातो. ज्या गरजेमागे क्रयशक्ती नाही, ती बाजाराच्या हिशेबात धरलीच जात नाही. अतितीव्र अपंगत्व असलेला माणूस कमावत नाही, आणि त्याची शुश्रूषा करणारी घरातील स्त्रीही बहुधा कमावू शकत नाही. अशा घराची मागणी बाजारात शून्यवत असणार, हे सांगण्यासाठी पदव्युत्तर पदवीची आवश्यकता नाही.

सप्टेंबर २०२४ पासून अ‍ॅपलच्या नव्या दूरध्वनीत नजरेने पडदा चालविण्याची सोय मूळ आज्ञावलीतच आली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु तो दूरध्वनी यंत्रमागावरील कामगाराच्या ऐपतीपलीकडचा आहे. आणि खाटेवरील माणसाच्या डोळ्यांसमोर तो कोणत्या अंतरावर, कोणत्या कोनात बसवावयाचा, खिडकीतील ऊन कसे टाळावयाचे, मान अनैच्छिकपणे हलत असेल तर काय करावयाचे, हे शिकविणारा माणूस खोक्यातून मिळत नाही.

वस्तू मुळात महागच आहे, असेही नाही. २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका भित्तिचित्रकारासाठी, जो मोटर न्यूरॉन डिसीजने अंथरुणाला खिळला होता, त्याच्या मित्रांनी खेळाच्या यंत्राचा कॅमेरा आणि चष्म्याची चौकट वापरून सुमारे ५० डॉलरमध्ये असे साधन बनविले आणि त्याची कृती सर्वांसाठी खुली केली. किंमत चढते ती मक्तेदारी, वैद्यकीय उपकरणाचा शिक्का आणि लहान बाजार यांमुळे. आणि विशेष वैद्यकीय उपकरण म्हणून येणारी यंत्रे कित्येक हजार डॉलरच्या घरात जातात.

दया नव्हे, हक्क

दुसरा मार्ग धर्मादायाचा. या मार्गाने झालेल्या कार्याबद्दल आदर बाळगूनच बोलले पाहिजे. १९७२ मध्ये मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, कारण त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सामावून घेणारी शाळा येथे नव्हती. मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करीत उच्च शिक्षण घेतले, टंकलेले बोलून दाखविणाऱ्या ‘लाइटरायटर’ या यंत्राचा आधार घेतला आणि २०११ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. संधी मिळाल्यास काय घडते, याचे हे महाराष्ट्रातील उदाहरण आहे. प्रश्न असा आहे की, जिची आई संस्था उभारू शकत नाही, अशा भिवंडीतील मुलीने काय करावे? एकेका आईच्या जिद्दीवर एकेका मुलाचा आवाज अवलंबून ठेवणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

दानात आणखी एक दोष आहे, आणि तो निव्वळ आर्थिक आहे. मोटर न्यूरॉन डिसीजचा रुग्ण रोगाच्या आरंभापासून बहुधा दोन ते पाच वर्षे जगतो. त्याला यंत्र दान दिले, फलक लावला, छायाचित्र छापून आले. त्याच्या मृत्यूनंतर यंत्र कपाटात पडते आणि शेजारच्या तालुक्यातील दुसरा रुग्ण तसाच राहतो. हे साधन मालकीने देण्याचे नाही. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे फिरते ठेवण्याचे आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत यासाठी विशेष केंद्रे आहेत. ती रुग्णाची तपासणी करतात, साधन वापरावयास देतात आणि शिकवितातही. भांडवलशाहीचे माहेर असलेल्या अमेरिकेतदेखील २०१४ मध्ये सरकारी विमा योजनेने बोलक्या यंत्रांवर भाडेपद्धतीचे निर्बंध आणले, तेव्हा रुग्णांनी आंदोलन केले आणि जुलै २०१५ मध्ये त्यांच्यातीलच स्टीव्ह ग्लीसन या फुटबॉलपटूच्या नावाने कायदा करवून घेतला. तेथेही हक्क लढूनच मिळाला.

आपल्याकडे कायद्याचा आधार आहेच. २०१६ च्या अधिनियमाने ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी साधनांचा स्पष्ट समावेश केला आहे. परंतु साधनांसाठी साहाय्य देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ च्या सुधारणेने सर्वसाधारण साधनाची मर्यादा १०,००० रुपये ठेवली आणि श्रवणासाठीच्या कॉक्लिअर इम्प्लांटला मात्र ६ लाखांपर्यंत मान्यता दिली. पुढे मर्यादा थोडी वाढली. ऐकण्यासाठी ६ लाख देता येतात, हे योग्यच झाले. मग बोलण्यासाठी तोच न्याय का नको?

मराठीचा प्रश्न

यंत्र आले तरी ते कोणत्या भाषेत बोलणार? नजरेने लिहिताना प्रत्येक चिन्ह म्हणजे डोळ्यांचे श्रम असतात. ‘श्वास’ हा शब्द श, हलन्त, व, काना आणि स अशा पाच थांब्यांनी लिहावा लागतो, ‘त्रास’ही तसाच. शब्द पुरा करून देणारी आज्ञावली इंग्रजीच्या धाटणीची असेल तर घरात, घरातून, घराबाहेरच्यांनाही अशा आपल्या प्रत्ययान्त रूपांपुढे ती अडखळते. दुसरीकडे आपल्या वर्णमालेची मांडणी या कामासाठी जणू तयारच आहे. पाच वर्ग, प्रत्येकात पाच वर्ण. प्रथम वर्ग निवडावयाचा, मग त्यातील स्थान. दोन निवडींत पंचवीस व्यंजने हाती येतात. आमच्या परिसरातील एका घरात वाचा गेलेल्या गृहस्थांची पत्नी हेच तत्त्व वापरते. ती ‘क, च, ट, त, प’ म्हणत जाते. ते डोळे वर करतात. मग ती त्या वर्गातील अक्षरे म्हणते. ही रीत तिला कोणी शिकविलेली नाही. एका निरोपाला अर्धा तास लागतो, पण निरोप पोहोचतो.

या बाईच्या बुद्धीला आधार देण्याइतक्या सार्वजनिक संस्था महाराष्ट्रात आहेत. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे. भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कामात तिचा वाटा मोठा आहे. आयआयटी मुंबईत निर्माण झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारित संवादसाधन मोफत आहे आणि मराठीतही आहे. ते मुख्यतः स्पर्शावर चालते, इतकेच. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून, हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. साधने बनविण्यासाठी कानपूरला अलिम्को हा सार्वजनिक कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि चेन्नईची विद्यासागर ही संस्था यांनी नजरेने चालणाऱ्या साधनांवर एकत्र काम केले आहे. लिपी, आवाज, यंत्र, चिकित्सक, कारखाना, सर्व काही सार्वजनिक क्षेत्रात आहे. या सर्वांना एका कामास जुंपणारी राजकीय इच्छा तेवढी नाही.

‘आधी भाकरी’ या आक्षेपाला उत्तर

आमच्याच गोटातील काही साथी म्हणतील की, ज्या देशात कुपोषण आहे, तेथे हे चोचले कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. संजय गांधी निराधार अनुदान १९८० मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये ते दरमहा १,५०० रुपये झाले आणि २०२५ मध्ये अपंगांसाठी २,५०० करण्याचा निर्णय झाला. हे अनुदान रखडले तर तक्रार कोण करणार? भाकरी मिळाली नाही, हे सांगावयासही वाचा लागते. अमर्त्य सेन यांनी १९७९ मधील व्याख्यानात समतेचा विचार मांडताना अपंग माणसाचेच उदाहरण घेतले होते. समान उत्पन्न दिले म्हणजे समान जीवन मिळते असे नाही. त्या उत्पन्नाने माणूस काय करू शकतो, हे पाहावे लागते. भाकरी विरुद्ध वाचा असा सामना राज्यकर्ते लावून देतात, तो आपण स्वीकारण्याचे कारण नाही.

त्याचबरोबर आपल्या सवयींकडेही पाहिले पाहिजे. ‘मुक्यांचा आवाज’ ही उपाधी पुढाऱ्यांना फार प्रिय असते. मुक्याच्या वतीने बोलणे सोपे आहे. त्याला स्वतः बोलता येईल अशी व्यवस्था करणे कठीण आहे, कारण मग तो आपल्याविरुद्धही बोलू शकतो.

मागण्या आणि काम

म्हणून चळवळीने पुढील मागण्या हाती घ्याव्यात. नजरेने चालणारी संवादसाधने ‘एडिप’ योजनेत नावानिशी समाविष्ट व्हावीत आणि त्यांना सर्वसाधारण मर्यादा लागू नसावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाशी संलग्न अशी सार्वजनिक साधनपेढी असावी. तेथून यंत्र घरी जावे, गरज संपल्यावर परत यावे आणि ते बसवून शिकविणारा वेतनधारी कर्मचारी तालुक्यापर्यंत पोहोचावा. मराठी आज्ञावली सार्वजनिक संस्थांनी तयार करावी, ती सर्वांना खुली असावी आणि यंत्राचे उत्पादन अलिम्कोने करावे. रुग्णाच्या नजरेची नोंद ही त्याच्या वाचेइतकीच खाजगी मानावी व तिच्या व्यापारास बंदी असावी. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने अपंगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन करून देशात प्रथम असल्याचा गौरव मिळविला. त्या विभागाने गौरवाची किंमत आता कामाने चुकवावी.

परंतु शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांवर खर्च करावयाची आहे. ती बहुतेक ठिकाणी किरकोळ वाटपात संपते. काही शे रुपयांत एका पारदर्शक तक्त्यावर मराठी वर्णमाला वर्गवार लिहून घेता येते; रुग्ण एका बाजूने अक्षराकडे पाहतो, समोरचा दुसऱ्या बाजूने त्याची नजर वाचतो. त्यास वीज लागत नाही, परवाना लागत नाही. यंत्र येईपर्यंत हा तक्ता प्रत्येक गरजू घरी आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविणे कार्यकर्त्यांच्या शक्तीबाहेरचे नाही. त्यासाठी आधी घरोघर जाऊन अशी माणसे किती आणि कोठे आहेत, याची यादी करावी लागेल. जनगणनेने न केलेले ते काम आपण करावे.

आणि साथींनो, येत्या ग्रामसभेस अशा एका तरी नागरिकाला त्याच्या तक्त्यासह घेऊन जावे. त्याला एक वाक्य सांगावयास दहा मिनिटे लागतील. सरपंच घड्याळ पाहतील, ग्रामसेवक पुढचा विषय पुकारतील. तेव्हा त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत सभा पुढे जाणार नाही, एवढा आग्रह आपण धरावा आणि त्याचे वाक्य इतिवृत्तात त्याच्या नावाने नोंदवून घ्यावे.